परिघात मी नव्हते

हे घडलं २०३७ साली. त्या वर्षी मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होते, माझा मुलगा निरंजन अठ्ठेचाळीसचा, आणि दारातली निळी गाडी नऊ महिन्यांची. गाडीचं वय सांगते, कारण घरात तेव्हा सगळ्यात जास्त काळजी तिचीच घेतली जायची.

सांगलीत विश्रामबागेच्या मागच्या अंगाला आमची यशोधन कॉलनी. १९९१ साली आम्ही तिथं प्लॉट घेतला, तेव्हा काळी माती आणि बाभळी एवढंच होतं. शेजारचा प्लॉट भालचंद्र मगदूमांचा. ते साखर कारखान्यात केमिस्ट होते, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर ऑपरेटर, बाहेरगावचे फोन हातानं जोडून द्यायचे. सांगलीतले चारशे नंबर मला तोंडपाठ होते. दोन घरांमध्ये भिंत नव्हती, मेंदीचं कुंपण होतं, आणि त्यात एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट मुद्दाम ठेवलेली होती. मगदूमांची पद्मजा त्या फटीतून आमच्याकडे यायची, निरंजन तिकडे जायचा. ती मला काकू म्हणायची, त्याला निरूदादा. कुणाच्या घरात काय शिजलंय ते वासावरून कळायचं आणि वाटीसुद्धा न मागता यायची.

मेंदी गेली, विटांची भिंत आली. माझे यजमान गेले, मगदूम वहिनी गेल्या. पद्मजाचं लग्न मोडलं आणि ती वडिलांकडे परत आली. तिनं पिवळी व्हॅन घेतली आणि शाळेची मुलं ने-आण करायला लागली. चौदा मुलं होती. मुलांची गाडी चालवायला वेगळा बिल्ला लागतो. तो मिळवायला तिला दोन वर्षं लागली होती. मिळाला त्या दिवशी तो ब्लाउजला लावूनच ती माझ्याकडे पेढे घेऊन आली होती.

२०३६ च्या डिसेंबरात, सकाळी व्हॅन मागं घेताना तिच्याकडून निरंजनच्या जुन्या गाडीचा आरसा मोडला. ती लगेच येऊन म्हणाली, "निरूदादा, चुकलं माझं. आजच बसवून देते."

निरंजन दात घासत होता. चूळ भरून म्हणाला, "रोज सकाळी साडेसहाला तुझा भोंगा ऐकून उठतो मी. आता आरसा. उद्या काय, भिंत?"

"भोंगा कुठं, एकदाच वाजवते. पोरं खाली येत नाहीत ओ."

"पोरं तुझी नाहीत, गल्ली तुझी नाही."

आतून मगदूम अण्णांनी ऐकलं. ते बाहेर आले आणि म्हणाले, "तुझ्या मुंजीत तुला मी खांद्यावर घेऊन फिरलोय रे. नीट बोल."

"म्हणून आयुष्यभर ऐकून घेऊ का?" निरंजन म्हणाला आणि दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून तो त्यांना अण्णाकाका म्हणायचा बंद झाला. 'तो म्हातारा' म्हणायला लागला. जानेवारीत नवी निळी गाडी आली आणि पंधरा दिवसांत तिच्यावर 'परिघ' बसला.

परिघ म्हणजे काय, ते बसवायला आलेल्या कृष्णातनं मला समजावून सांगितलं. शिरोळकडचा माणूस होता, चाळिशीचा, बोलका. त्यानं गाडीची काच आधी स्पिरिटनं पुसली. मग दोन कॅमेरे पुढच्या काचेला, दोन मागच्या बाजूला, दोन आरशांच्या खाली आणि दोन मागच्या दारांच्या वर चिकटवले. असे आठ. वायरी त्यानं छताच्या कापडाखालून आणि दाराच्या रबरातून अशा नेल्या की कुठं दोरा दिसू नये.

"आजी, आता गाडीभोवती मुंगी फिरली तरी कळणार."

"मुंगी कळून काय करायचंय?"

तो हसला. "मुंगीचं नाही ओ. माणसाचं."

त्याच्या टॅबवर गाडी वरून दिसत होती, जणू कुणी आकाशातून पाहतंय. भोवती आमचं फाटक, विजेचा खांब, गल्ली, मगदूमांची तुळस. मी विचारलं, वर तर कॅमेरा नाही, मग वरून कसं दिसतं? त्यानं सांगितलं ते माझ्या चांगलं लक्षात आहे. प्रत्येक कॅमेरा एका फाकेएवढं पाहतो. शेजारच्या दोन फाका थोड्या एकमेकींवर येतात, तिथं यंत्र त्या शिवतं. पण गाडीच्या अंगालगत, बंपरच्या खाली, कोपऱ्यांत काही जागा कुणालाच दिसत नाहीत. कधी भिंगावर चिखल उडतो, कधी ऊन डोळ्यात जातं. तेवढी जागा यंत्र स्वतः भरून काढतं. त्याला ते लोक 'भरणी' म्हणायचे.

"भरून काढतं म्हणजे? कशानं?"

"अंदाजानं. तिथं रोज काय असतं ते त्याला ठाऊक असतं. एका बाजूनं सायकल आत आली, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली, तर मधे ती कुठून गेली असेल ते काढतं. आवाज, धक्का, सगळं जुळवतं. शंभरातल्या नव्याण्णव वेळा बरोबर."

"आणि खरं कुठलं, भरलेलं कुठलं, ते कळतं कसं?"

"आधी कळायचं. भरलेल्या जागेभोवती ठिपक्यांची रेघ यायची. गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या, चित्र फाटल्यासारखं दिसतंय म्हणून. मग कंपनीनं रेघ बंद केली. सेटिंगमध्ये आहे अजून, कुणी चालू करत नाही."

"आम्ही करू का?"

निरंजन मागून म्हणाला, "आई, तू चहा टाक."

त्याआधी दोन वर्षांपासून रस्त्यावरच्या भांडणांत परिघाचं चित्र पहिला पुरावा म्हणून धरलं जायला लागलं होतं. साक्षीदार खोटं बोलतात, विसरतात, घाबरतात, चित्र तसं करत नाही, असं सगळेच म्हणायचे. मीही म्हणाले असते, मला कुणी विचारलं असतं तर.

पुढच्या आठ महिन्यांत निरंजननं परिघावरून सदतीस तक्रारी केल्या. मगदूमांनी तुळशीला घातलेलं पाणी गल्लीत वाहिलं, ही एक तक्रार. दूधवाल्याची मोटारसायकल गाडीपासून अर्ध्या हातावरून गेली, ही दुसरी. समोरच्या कुलकर्णीबाई गाडीला टेकून चपलेचा अंगठा नीट करत होत्या, म्हणून त्यांनाही नोटीस गेली. लोक आमच्या दारावरून जाताना छत्री कलती धरायला लागले. कुणी जोरात खाकरून, मुद्दाम कॅमेऱ्याकडे पाहून थुंकायचं. मग त्याचीही तक्रार. एकदा कुलकर्णीबाई मला भाजीच्या गाडीवर म्हणाल्या, "तुमच्या मुलाला सांगा, आमच्याकडे बघायला दोन डोळे पुरतात. आठ लागतात ते चोराला." त्यांनी माझ्याशी कोथिंबीर वाटून घेतली नाही. पंचवीस वर्षं आम्ही एक जुडी दोघींत घेत होतो.

पद्मजा रोज दुपारी चारच्या सुमारास मुलं सोडून परत यायची. निळ्या गाडीजवळ आली की व्हॅन अगदी मुंगीच्या पावलानं चालवायची आणि काचेतून समोर बघत राहायची. पूर्वी मला हात करायची. परिघाच्या कोपऱ्यातून ती पिवळी व्हॅन अशी दोनशे वेळा गेली असेल. यंत्रानं ती नीट पाठ करून ठेवली होती.

मग दसरा आला.

दसऱ्याला आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो. एक्स्चेंजमध्ये आम्ही खंडेनवमीला बोर्डाची पूजा करायचो. सुपरवायझर बाई ओरडायच्या, "पिनांना कुंकू लागलं तर लाईनी मरतील, कडेला लावा ग!" म्हणून आम्ही लाकडी कडेला बोट टेकवायचो. घरी विळी, शिलाई मशीन, यजमानांची स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू. त्या दिवशी दुपारी मी ताट घेऊन निळ्या गाडीपाशी गेले. स्टिअरिंगला, दारांना, चाकांना लावलं. मग मला वाटलं, या गाडीचं खरं हत्यार तर हे आठ डोळे. त्यांना कसं वगळायचं? पुढच्यांना कड होती, तिथं टेकवलं. मागच्या चारांना कडच नव्हती, नुसतं काळं भिंग. मी ओलं हळदकुंकू बोटावर घेऊन भिंगालाच लावलं. अक्षता चिकटल्या. वरून झेंडूचा हार मागच्या काचेवर सोडला.

गाडी गल्लीत फाटकाशी उभी होती. मागं विजेचा खांब, त्याचा सिमेंटचा ओटा. माझी सून शर्वरी गाडीत बसली होती, कारण चाकांखाली लिंबं ठेवली होती आणि गाडी जराशी पुढं घेऊन ती चिरडायची होती. निरंजन बाहेर आला, मागं पाहिलं आणि ओरडला, "आई! कॅमेऱ्यावर काय फासलंयस?"

"पूजा आहे रे."

"पूजा देवाची करतात, लेन्सची नाही!" तो रुमाल काढून मागं गेला आणि ओट्याला पाठ करून वाकला. मी मागच्या उजव्या कोपऱ्याशी उभी होते, हातात ताट. त्याच वेळी पद्मजाची व्हॅन समोरून आली. ती चौकातून फुलं आणायला निघाली होती. माझ्यापासून चांगली तीन हात लांबून गेली. ती गेली, आणि मी मनात तीन मोजावे एवढ्या वेळानं गाडी पुढं न जाता मागं उसळली. आवाज न करणारी गाडी. निरंजनची डावी नडगी बंपर आणि ओटा यांच्यात सापडली. ती मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो मला अजून ऐकू येतो.

शर्वरी दार उघडून बाहेर पडली आणि किंचाळली, "मागून कुणीतरी ठोकलं!"

हवालदार आले ते संध्याकाळी सहाला, निरंजनला दवाखान्यात नेल्यावर. तोपर्यंत परिघानं आपलं चित्र बनवून पाठवलेलंही होतं. त्यांनी टॅब माझ्यापुढे धरला. वरून आमची गल्ली दिसत होती. पिवळी व्हॅन समोरून येते, गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी आत वळते, वाकलेल्या निरंजनला ओट्यावर दाबते, आणि सरळ होऊन निघून जाते. चित्र इतकं स्वच्छ होतं की व्हॅनच्या दारावरची शाळेची पाटी वाचता येत होती.

"असं झालं नाही," मी म्हणाले. "मी तिथंच होते. याच कोपऱ्यात."

हवालदारांनी चित्र मागं नेलं, पुढं आणलं. माणूस वाईट नव्हता. "आजी, तुम्ही यात नाहीच की."

मी चष्मा पुसून पाहिलं. खरंच, मी नव्हते. ज्या जागी मी ताट घेऊन उभी होते, तिथं रिकामी गल्ली होती आणि तिच्यावरून व्हॅन जात होती. ते चित्र खरं असतं, तर ती माझ्या अंगावरून गेली असती.

मगदूमांच्या दारात दुसरा हवालदार पद्मजाला विचारत होता. भिंतीवरून स्पष्ट ऐकू येत होतं.

"व्हॅनवर ओरखडा कसा नाही?"

"ठोकलंच नाही तर ओरखडा कुठनं येईल?"

"चाकं ओली आहेत. धुतलीत का?"

"धुतली."

"आजच का धुतलीत?"

"दसरा आहे ओ साहेब! तुमची गाडी धुतली नाही होय तुम्ही?"

त्यांनी लिहून घेतलं की गाडी धुतलेली आढळली. पद्मजाचा बिल्ला त्याच संध्याकाळी काढून घेतला. सुनावणी होईपर्यंत ती मुलं नेऊ शकत नव्हती. लहान मुलांच्या गाडीवाल्यानं माणूस ठोकून पळ काढला, असं सिद्ध झालं की बिल्ला कायमचा जातो. पुन्हा मागता येत नाही.

आता जे लिहिणार आहे, ते मी सात वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

सहाव्या दिवशी दवाखान्यात निरंजनच्या खाटेशी माझा रीतसर जबाब घ्यायला अधिकारी आले. त्याच्या पायातून लोखंडी सळ्या बाहेर आल्या होत्या. अधिकाऱ्यांसमोरच तो मला हळू आवाजात म्हणाला, "आई, तू सकाळपासून उभी होतीस. दमली होतीस. परवा गॅस चालू ठेवून झोपलीस, आठवतं? तुला जे आठवतंय ते कदाचित आधीच्या दसऱ्याचं असेल."

"नाही रे."

"मग मशीन खोटं बोलतंय? मशीनला काय मिळणार त्यातनं?" मग तो रडायला लागला. लहानपणी सायकलवरून पडला तेव्हा रडला होता, तसा. "तू माझी आई आहेस की तिची?"

शर्वरी खिडकीपाशी उभी होती. ज्या दिवशी ते चित्र आलं, त्या दिवसापासून तिचं रडणं थांबलं होतं.

अधिकारी म्हणाले, "आजी, असं लिहू का, की नक्की आठवत नाही?"

मी सही केली. सतरा वर्षं ट्रंक बोर्डावर ज्या बाईला एक नंबर दोनदा विचारावा लागला नाही, तिनं 'नक्की आठवत नाही' याच्याखाली नाव लिहिलं. आणि एक गोष्ट अशी, की दोनचार दिवसांनी मला खरंच वाटायला लागलं, कदाचित मी घराच्या पायरीवरच असेन. चित्र मी इतक्यांदा पाहिलं होतं की डोळे मिटले की तेच दिसायचं. माझी आठवण जुन्या ट्रंकलाईनसारखी खरखरत होती, आणि ते चित्र समोरच बसून बोलत होतं.

दिवाळी गेली. एका सकाळी मगदूम अण्णा फाटकाशी येऊन उभे राहिले. ऐंशी वर्षांचा माणूस, हातात काठी. आत येईनात.

"या की अण्णा."

"नको वहिनी. तुमचे डोळे आहेत इथं. आणखी एक तक्रार नको." ते गाडीकडे न बघता बोलले. "पद्मानं जबाब वाचला तुमचा. नक्की आठवत नाही म्हणालात?"

मी गाडीकडे पाहिलं.

"शहाण्णव साली कारखान्यात बॉयलर फुटला अशी अफवा उठली होती. आमची ही एक्स्चेंजवर तुमच्याकडे धावत आली. तुम्ही ड्यूटीवर होता. सगळ्या लाईनी अडकलेल्या, तरी तुम्ही मला शोधून काढलंत. माझा आतला नंबर काय होता, वहिनी?"

"एकशे सत्तावीस," मी म्हणाले. विचार करावाच लागला नाही.

"बघा," अण्णा म्हणाले. "एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा नंबर. आणि महिन्यापूर्वी तुम्ही कुठं उभ्या होता ते आठवत नाही." मग काठीनं फाटक हलकेच ओढून लावलं आणि गेले. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी आत जाऊन कृष्णातला फोन लावला.

"कृष्णात, भरणी करायच्या आधीचं चित्र कुठं असतं का?"

"असतं की आजी. कच्चं चित्र. नव्वद दिवस ठेवतात. पण ते कुणी बघत नाही."

"भिंगावर कुंकू होतं, तर त्यात कुंकू दिसेल?"

त्यानं पलीकडे चालू असलेलं ड्रिल बंद केलं. मग म्हणाला, "भिंगावर लावलं होतं? कुठल्या?"

"मागच्या चारही."

"अरे देवा. म्हणजे मागचं सगळं भरणीच आहे. त्याला गाडी येताना दिसली, धक्का कळला, माणूस ओरडलेला ऐकू आला. ती गाडी रोजची ओळखीची. त्यानं जुळवून टाकलं." मग म्हणाला, "पण गाडीमालकाच्या अंगठ्याशिवाय कच्चं उघडत नाही. साहेबांना सांगा."

मी साहेबांना सांगितलं. निरंजन वॉकर घेऊन नुकता घरी आला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाही."

"बघितल्यानं तुझं काय जाणार आहे?"

"सहा महिने मी चालणार नाही. कुणीतरी केलंय हे. कुणीच केलं नाही, असं मला ऐकायचं नाही."

"कुणीच केलं नाही, असं मी म्हणतच नाही," मी म्हणाले, आणि माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. त्यानं ती पाहिली नाही. शर्वरीनं पाहिली.

नंतर ती स्वयंपाकाच्या ओट्यापाशी माझ्या शेजारी उभी राहिली. "आई, नका करू."

"तुला माहीत होतं?"

"मला चित्र माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्हीही तेवढंच माहीत ठेवा. आम्ही दोघं अजून बोलतोय एकमेकांशी, ते त्या चित्रामुळं."

"आणि पद्माचं?"

"पद्मा तुमच्या घरात राहत नाही."

त्या रागात मी कपाट उघडून गाडीच्या कागदांची फाइल काढली. कोणत्या कंपनीला पत्र लिहायचं एवढंच बघायचं होतं. नोंदणीच्या कागदावर मालकाचं नाव होतं, वत्सला शामराव घाटगे. म्हणजे मी. त्या वर्षी बाईच्या नावावर गाडी घेतली तर करात सवलत मिळायची, आणि बाई साठीच्या पुढची असेल तर आणखी. निरंजननं जानेवारीत माझ्या सह्या घेतल्या होत्या, पेन्शनच्या कागदांबरोबर. मी न वाचता केल्या होत्या. सह्या न वाचता करायची मला सवयच लागली होती त्या वर्षी.

मी रिक्षा करून कृष्णातच्या दुकानात गेले. त्यानं यंत्र पुढं केलं. मी अंगठा ठेवला. म्हातारपणी अंगठ्याच्या रेघा पुसट होतात, तिसऱ्यांदा घेतला.

"बघायचं का, आजी?"

"नको. जिथं बघायचं तिथं पाठव."

सुनावणी जानेवारीत झाली, सकाळी अकराला. एका बाजूला पद्मजा आणि अण्णा, दुसऱ्या बाजूला निरंजन आणि शर्वरी. मी कुणाकडे बसायचं ते न कळून मधल्या बाकावर बसले. कंपनीचा वकील सांगत होता की कच्चं चित्र सामान्य माणसाला दिशाभूल करणारं असतं. सुनावणी अधिकारी बाई होत्या. म्हणाल्या, "मी सामान्यच आहे. लावा."

पडद्यावर मागचे चारही कॅमेरे लाल झालेले दिसले. पिवळसर लाल, मधेमधे तांदळाचे दाणे, वर झेंडूच्या पाकळ्या. कुणीतरी हसलं. मग मागच्या उजव्या भिंगावर, कुंकू जिथं पातळ होतं तिथं, हिरव्या रंगाची हालचाल दिसली. माझ्या इरकली साडीचा काठ. मी तिथं होते. मी माझ्या आठवणीत होते तिथंच, त्याच कोपऱ्यात होते. व्हॅनचा पिवळा पट्टा काठाच्या पलीकडून गेला, लांबून, आणि संपला. मग काही क्षण नुसतं लाल. मग आवाज ऐकू आला. आधी बारीक गुणगुण, मोटारीची. मग शर्वरीचा आवाज, गाडीच्या आतून, अगदी स्पष्ट: "अगं बाई, मागं गेली!" आणि मग निरंजनचं ओरडणं.

अधिकारी बाईंनी पुन्हा लावायला सांगितलं नाही. शर्वरी मान खाली घालून बसली होती. निरंजन तिच्याकडे पाहत नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता.

बाहेर व्हरांड्यात तो वॉकरवर भार देऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुला पद्माचा बिल्ला दिसला. माझा पाय दिसला नाही. माझा संसार दिसला नाही."

"मला जे दिसलं होतं तेच..."

"तू कॅमेऱ्याला कुंकू लावलंस. सगळं तुझ्यापासून सुरू झालं. ते लिहून दे कुणाला तरी."

आता २०४४ चालू आहे. ते लिहून देते आहे.

निरंजन आणि शर्वरी त्याच वर्षी पुण्याला गेले. मधे दीड वर्ष शर्वरी तिच्या भावाकडे बेळगावला होती, मग परत आली. निरंजन डाव्या पायानं थोडा लंगडतो. तो मला महिन्यातून एकदा फोन करतो, तब्येत विचारतो आणि ठेवतो. घरात मी एकटी राहते. निळी गाडी त्यानं विकायला सांगितली. माझ्याच नावावर असल्यानं मला तीन वेळा जावं लागलं.

कंपनीनं त्या प्रकरणानंतर ठिपक्यांची रेघ पुन्हा चालू केली. एक वर्ष होती. लोकांना आवडली नाही, म्हणून परत काढली. आता ज्यांना हवी त्यांना जास्तीचे पैसे भरून मिळते. कृष्णातला कामावरून काढलं. तो शिरोळला पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो, दिवाळीला फोन करतो.

मगदूम अण्णा २०४१ साली गेले. मी त्यांच्या फाटकापर्यंत गेले होते. आत बोलावलं नाही म्हणून तिथूनच नमस्कार करून आले. कुलकर्णीबाई मात्र आत गेल्या, आणि परत जाताना माझ्या शेजारून गेल्या, न थांबता.

पद्मजाला बिल्ला परत मिळाला. चौदातली तीनच मुलं पहिल्या महिन्यात आली. आता सोळा आहेत, असं ऐकलं. व्हॅन रोज चारला माझ्या दारावरून जाते, नेहमीच्या वेगानं. माझ्या दारात आता कुठलाच कॅमेरा नाही. मी पायरीवर बसलेली असते. ती समोर बघत असते.

गेल्या श्रावणात एकदा बँकेत आम्ही एकाच रांगेत आलो. तिच्या डोक्यात पांढरे केस दिसत होते. मी म्हणाले, "पद्मा, बिल्ला तुला मीच परत मिळवून दिला ना ग?"

रांग एका माणसानं पुढं सरकली, मग ती वळली.

"त्याआधी तीन महिने पोरं आयांना विचारत होती, पद्मा मावशीनं माणूस मारला का," ती म्हणाली. "यंत्राला ठाऊक नव्हतं, काकू. तुम्हाला ठाऊक होतं."

मग तिचा नंबर आला आणि ती पुढं गेली.